मोगलांची सोंगटी कोणी हलवायची? (चार खेळाडू आणि पाचवी महासत्ता बिनमालकाची)

तापीकाठ

जळगाव-भुसावळकडची आम्ही काही टाळकी घरीच बनवलेला एक युद्धखेळ खेळतो. काळ १५९१ ते १६०१, नकाशा नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत. खेळाडू चार : खानदेशचे फारुकी, अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही. एक फेरी म्हणजे एक हंगाम, दसऱ्याच्या शिलंगणापासून मृगाच्या पावसापर्यंत. पावसाळ्यात फौजा हलत नाहीत, फक्त हिशेब आणि कारस्थानं.

(नकाशा पत्र्यावर चिकटवलाय आणि सोंगट्यांना खालून लोहचुंबक लावलंय. मे महिन्यात आमच्याकडे कूलरशिवाय बसता येत नाही, आणि सोंगट्या कागदी होत्या तेव्हा कूलर लावला की गोवळकोंड्याचं अख्खं घोडदळ अरबी समुद्रात जायचं. असो.)

प्रश्न मोगलांचा आहे. १५६१ ला माळवा आणि १५७२-७३ ला गुजरात घेऊन ते खानदेशच्या उत्तरेला आणि पश्चिमेला येऊन बसलेत. त्यांच्याशिवाय या दशकाला अर्थ नाही. पण मोगल एखाद्या खेळाडूच्या हातात दिले की डावाचा विचका होतो. तो तिसऱ्या-चौथ्या फेरीत सगळी फौज घेऊन खाली उतरतो, कारण त्याला दुसरा उद्योगच नसतो. खऱ्या अकबराला होता. १५८५ पासून १५९८ पर्यंत तो लाहोरला ठाण मांडून होता. काबूल, काश्मीर, सिंध, कंदाहार, आणि पलीकडे उझबेकांचा अब्दुल्लाखान. एवढ्या सगळ्यातून वेळ मिळाला तर दख्खन. आपल्याला खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर जगाच्या मधोमध वाटते, लाहोरहून ती फार लांब होती.

म्हणून माझं मत असं, की बिनखेळाडूची महासत्ता हुशार करायच्या फंदात पडू नये, तिला कामात अडकवून ठेवावी. तिच्याकडे फौज किती हा प्रश्नच नाही, ती कायमच आपल्यापेक्षा जास्त. तिचं लक्ष आपल्याकडे किती, एवढंच मोजायचं.

त्यासाठी नकाशाच्या वरच्या कडेला ० ते ६ घरांची 'लक्ष'पट्टी काढलीय. ० किंवा १ वर असताना फक्त वकील येतो, १५९१ ला फैझी आला होता तसा, ताबेदारी कबूल करा म्हणून सांगायला. २-३ वर माळव्याचा किंवा गुजरातचा सुभेदार फौजेनिशी सरहद्दीवर. ४-५ वर शाहजादा उतरतो. ६ वर खुद्द पादशहा, तोफखान्यासकट.

पट्टी दोन कारणांनी हलते. दर हंगामाला थैलीतून एक चिठ्ठी काढायची : उझबेक, काश्मीरचा उठाव, कंदाहार, शाहजाद्यांची कुरबुर, खजिना भरला वगैरे. लाहोरकडच्या चिठ्ठ्या लक्ष खाली ओढतात. 'अब्दुल्लाखान वारला' ही चिठ्ठी सातव्या फेरीपासून थैलीत पडते (तो वारला १५९८ ला). ती निघाली की लाहोरच्या उरलेल्या चिठ्ठ्या बाद आणि पादशहाची सोंगटी आग्र्याला. त्या वेळी खानदेशवाल्याचं तोंड बघण्यासारखं असतं. दुसरं कारण म्हणजे आपली वागणूक. पेशकश (मांडलिकाने भरायची खंडणी) चुकली की एक घर वर, शाही फौज हरवली की दोन घरं वर. पेशकश पोचली की एक घर खाली. मुलगी दिली तर दोन घरं खाली, पण ते डावात एकदाच.

इथपर्यंत बरं चाललंय. अडतं कुठे, तर फौज खाली उतरल्यावर सोंगटी कोणी हलवायची यावर दर वेळी भांडण. खानदेशवाला वेळेवर पेशकश भरून निवांत बसतो आणि शेवटी गुणांवर जिंकतो. आणि जो हरायला लागतो तो 'मी नाही तर कोणीच नाही' म्हणून मोगलांना मुद्दाम वर चढवतो. सुचवा काहीतरी.

फासेवाली

सोपं आहे. दोन फाशांचा तक्ता करा. २ आले तर परत, ७ ला वेढा, १२ ला सरळ चाल. भांडण मिटलं.

तापीकाठ

ताई, आधी तक्ताच होता. त्यात मोगल खुळे वाटतात. एका हंगामात थाळनेर घेतात, पुढच्या हंगामात कारण नसताना सोडून जातात. तक्त्याला मागच्या वर्षीचं काही आठवत नाही ना.

पंतोजी

हा वाद जुना आहे. प्रशियात राइसविट्झने १८२४ मध्ये आपला युद्धखेळ छापला. त्यात फासे होते, नुकसानीचे तक्ते होते, आणि मधे पंच. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या फौजा पूर्ण दिसत नसत, सगळं चित्र फक्त पंचापुढे. पुढे अधिकारी त्या तक्त्यांना कंटाळले. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआने सांगितलं की तक्ते बाजूला ठेवा, लढाई पाहिलेला पंच म्हणेल ते खरं. तुमच्या मोगलांना तक्ताही नको आणि खेळाडूही नको. एक जाणता माणूस बसवा, त्याला जिंकण्या-हरण्याशी देणंघेणं नको.

रावेरचा_केळ्या

पंतोजी, तत्त्व मान्य. पण ज्याच्या घरी डाव त्याने पंच व्हायचं असं ठरवलं, आणि मग डाव कोणाच्याच घरी होईना.

सोनगीरना_बुरूज

पंच नको भो. आमनाकडे पंचना शाला विजापूर खेळे. अकबरले विजापूरनी वाटच सापडे नई!

इतिहासाचा_हमाल

पट्टी आवडली. पण तुमचे मोगल एकाच डोक्याने चालतात आणि खरी भानगड तिथे आहे.

१५८६ ची मोहीम घ्या. माळव्याकडून मोगल सरदार खान आझम अझीझ कोका वऱ्हाडावर निघाला. पण माळव्याच्या सुभेदाराशी त्याचं जुनं वाकडं. दोघांचं जमेना. इकडे खानदेशचा राजा अलीखान हे बघत बसलेला. मोगलांत एकवाक्यता नाही म्हटल्यावर तो सरळ निजामशाही फौजेला मिळाला. अझीझ कोकाने एलिचपूर लुटलं आणि नंदुरबारमार्गे गुजरातेत निघून गेला. एवढ्या मोठ्या बादशाहीची मोहीम, पण हातात लुटीपलीकडे काही पडलं नाही.

नऊ वर्षांनी पुन्हा तोच प्रकार. १५९५ च्या अखेरीस अहमदनगरला वेढा पडला तेव्हा अकबराचा मुलगा शाहजादा मुराद एकीकडे आणि मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम दुसरीकडे. एकाने सुरुंग लावायचा आणि दुसऱ्याने नाक मुरडायचं. चांदबिबीने किल्ला लढवला याचं श्रेय तिचंच, त्यात काडीचाही वाद नाही, पण बाहेरच्या छावणीतली धुसफूस तिच्या पथ्यावर पडली. १५९६ च्या तहात वऱ्हाड गेलं, नगर राहिलं.

तेव्हा मोगलांच्या प्रत्येक फौजेला एक सरदार-चिठ्ठी द्या. एकाच छावणीत दोन सरदार आले की दोघांच्या चिठ्ठ्या उलट्या करून ठेवायच्या आणि वेढ्याच्या दर हंगामाला एकेक उघडायची. रंग जुळले तर वेढा पुढे, नाही तर तो हंगाम वाया. मोठी फौज असूनही हात आखडलेला, हे तुम्हाला आपोआप मिळेल. सोंगटी कोणी हलवायची याचा अर्धा प्रश्नही सुटेल, कारण छावणीतच एकमत नसेल तर हलवायला उरतं काय.

निवांत_निजामशहा

अर्धा सुटला, अर्धा राहिला. माझी सूचना : मोगलांची सूत्रं दर हंगामाला लिलावात काढा. जो खजिन्यातून जास्त मोजेल त्याने त्या हंगामापुरते मोगल हलवायचे. दरबारात वकील ठेवून, नजराणे देऊन दक्षिणेतले सुलतान तेच तर करत होते.

गोवळकोंडा_आजन्म

लिलाव ठेवलात तर प्रत्येक डाव गोवळकोंडा जिंकेल. हिरे आमचे, मच्छलीपट्टणचं बंदर आमचं, पैसा आमच्याकडे. मला चालेल.

फासेवाली

डिप्लोमसी हा पटावरचा खेळ खेळणारं कोणी आहे का इथे? सातच्या ऐवजी सहाच जण असले की त्यात इटली बिनमालकाची राहते. तिच्या फौजा आहेत तिथे उभ्या राहतात, कोणाला मदत करत नाहीत, ढकललं की गेल्या. इटलीचं ठीक आहे. पण मोगल नुसते उभे राहिले तर नर्मदेच्या पलीकडे भिंत बांधल्यासारखंच झालं. लिलावात उलटं होतं, भिंतीऐवजी भाड्याचा गुंड मिळतो. दोन्हीत 'मोगलांना स्वतःला काय हवंय' हे कुठेच नाही.

तापीकाठ

ताई, नेमकं बोललात. त्यांना काय हवंय ते तर कागदोपत्रीच दिसतं : हजेरी, पेशकश, आणि आपल्या नावाची इज्जत. जमीन नंतर. म्हणून मी असं करून पाहतोय : फौज उतरली की तिचं लक्ष्य पट्टीवर ज्याच्या नावापुढे सगळ्यात जास्त कसूर साठलेत तो. (दर चुकलेल्या पेशकशीला, दर रिकाम्या हाताने परत पाठवलेल्या वकिलाला एक काळा मणी. मणी सगळ्यांना दिसतात.) आणि वाटा दोनच. एक मांडूकडून नर्मदा उतरून असीरच्या घाटाने बुऱ्हाणपूर. दुसरी सुरतेकडून नंदुरबार, मग तापीच्या काठाने वर. लक्ष्य ठरलं आणि वाट ठरली की सोंगटीला कोणीही बोट लावा, फरक पडत नाही. माझा सात वर्षांचा भाचा हलवतो.

पहिल्या वाटेवर एक अट आहे. मोगल सरदार हरला आणि त्याला त्याच हंगामात नर्मदा परत ओलांडावी लागली, तर एक फासा टाकायचा. १ आला तर सरदार बुडाला. १५६२ ला पीर मुहंमद बुऱ्हाणपूर लुटून माळव्याकडे परतताना नर्मदेतच बुडाला होता. लोकांना वाटतं हा नियम मी गमतीने घातलाय.

माउसधारी

मी पत्र्यावर नाही, संगणकावर खेळतो. युरोपा युनिवर्सालिस ४ मध्ये १४४४ पासून खानदेश स्वतंत्र देश म्हणून निवडता येतो, इथल्या किती जणांना माहीत आहे? त्यात बाकी सगळ्या महासत्ता संगणकच चालवतो. तिथून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. शेजारी तुमच्यावर का चिडलाय हे आकड्यासकट, कारणासकट लिहिलेलं दिसतं. अमुक प्रांत हवाय म्हणून इतके उणे, जुन्या चढाईचे इतके उणे. त्यामुळे हल्ला झाला तरी फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. तुमचे काळे मणी तेच काम करतात. ते झाकून ठेवायचा मोह झाला तर आवरा.

पंतोजी

असहमत. खऱ्या सुलतानाला दिल्ली-आग्र्याच्या मनात काय आहे हे कुठे कळत होतं?

माउसधारी

मनात काय आहे ते नाही, पण आपण काय काय चुकवलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं की. केव्हा येणार ते थैलीत राहू दे. का येणार ते उघडं हवं.

बिनटोपी

हा धागा खेळाचा आहे की दहावीच्या इतिहासाचा? आणि मराठे कुठे आहेत यात? चार सुलतान आणि एक बादशहा, छान!

इतिहासाचा_हमाल

१५९१ आहे हो. लखुजी जाधव, मालोजी भोसले ही मंडळी निजामशाहीच्या चाकरीतली. नगरच्या खेळाडूकडे मराठा पथकांच्या सोंगट्या असतीलच, नसतील तर घाला. आणि मुल्हेरला बागलाणचे बागूल आहेत, त्यांचं छोटं राज्य वेगळं दाखवा. गुजरात-दख्खनच्या वाटेवर बसून दोन्हीकडून जकात खाणारी जागा, कोणालाही खेळायला आवडेल.

आता तो निवांत खानदेशवाला. 'पेशकश भरली की सुरक्षित' हा नियमच चुकीचा आहे. राजा अलीखानाचं काय झालं बघा. १५७६ च्या आसपास गादीवर आलेला हा माणूस वीस वर्षं दोन्ही दगडांवर पाय ठेवून तरला. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत त्याने अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरून घेतलाय, अजून आहे, रावेरहून तासाभराच्या आत जाऊन बघता येतो. १५९१ ला बुऱ्हाण निजामशहाला नगरच्या गादीवर बसवायला रोहणखेडच्या लढाईत यानेच मदत केली, तीही अकबराच्या संमतीने. (बुऱ्हाण गादीवर बसला आणि मग अकबराला ओळख दाखवेना, तो भाग निराळा.) शेवटी त्याने मोगलांची बाजू पक्की धरली, आणि १५९७ च्या सुरुवातीला गोदावरीकाठी विजापूरच्या सुहेलखानाशी जी लढाई झाली तीत तो खानखानानाच्या बाजूने आपली फौज घेऊन उतरला.

त्या लढाईत तो मारला गेला. अंधार पडला, घोळ झाला, कोण कुठे आहे कळेना. खानदेशचा राजा दिसत नाही म्हटल्यावर मोगलांनी गृहीत धरलं की हा पळाला किंवा शत्रूला मिळाला, आणि त्याची छावणी लुटली. नंतर रणात त्याचं प्रेत सापडलं.

आपल्याच बाजूने लढता लढता मेलेल्या मांडलिकाची छावणी मोगलांनी लुटली. आणि त्याचा मुलगा बहादूर गादीवर आला तो हे डोक्यात ठेवून आला असणार, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

तर नियम : मांडलिकाने फौज पाठवली तर पट्टी खाली येते, पण लढाईत त्याचा सेनापती पडला किंवा त्याची फौज मागे हटली तर एक फासा. ३ किंवा कमी आला तर 'वहीम' (संशय) : मोगल त्याचंच एक ठाणं लुटतात. मग बघू किती निवांत बसतो.

सोनगीरना_बुरूज

हाई बेस शे. मी खानदेश खेळस ना, माले आतेच घाम फुटना.

रावेरचा_केळ्या

वहीम एकदम पटला. पण मग पेशकश भरायचीच कशाला?

तापीकाठ

न भरण्यापेक्षा बरी म्हणून. १५९१ ते ९७ खानदेश जवळपास सुखरूप राहिला तो त्यामुळेच. आणि भरणं थांबलं की काय होतं तेही आपल्यापुढे आहे : अकबराचा मुलगा दानियाल बुऱ्हाणपुरावरून गेला तेव्हा बहादूर त्याच्या भेटीला खाली उतरला नाही. एक हजेरी चुकली, आणि त्या वेळी अब्दुल्लाखान मेलेला होता, मुरादही १५९९ ला वारलेला, अकबर मोकळा. हीच हजेरी १५९२ ला चुकली असती तर फार तर आणखी एक वकील आला असता.

माझ्या सगळ्या पट्टीचं सार त्या एका फरकात आहे. कसूर तोच, पण वर लक्ष किती आहे त्यावर शिक्षा. नवीन खेळाडूंना हे पटवायला दोन डाव जातात. त्यांना वाटतं गुन्ह्याला ठरलेला दर असतो.

गोवळकोंडा_आजन्म

माझा मुद्दा राहिलाच. हरणारा माणूस मोगलांना मुद्दाम वर चढवतो त्याचं काय? मागच्या डावात नगरवाल्याने शेवटच्या दोन फेऱ्यांत सगळी पेशकश बंद केली, नुसतं आम्हाला बुडवायला.

निवांत_निजामशहा

आरोपी हजर आहे. पण मी काही वावगं केलं नाही, नगरच्याच सरदार मियाँ मंजूने हेच केलं. १५९५ ला बुऱ्हाण निजामशहा वारल्यावर नगरमध्ये गादीसाठी मारामारी लागली, आणि मंजूने शाहजादा मुरादला पत्र पाठवून बोलावलं.

इतिहासाचा_हमाल

हो, आणि मुराद दारात येईपर्यंत मंजूला उपरती झाली होती. बोलावताना एक पत्र पुरलं. परत पाठवायला किल्ला लढवावा लागला आणि वऱ्हाड द्यावं लागलं.

म्हणून 'आमंत्रण' ही वेगळी चाल करा. कोणालाही करता येईल, पट्टी लगेच ४ वर. पण आमंत्रित फौज पहिल्यांदा बोलावणाऱ्याच्याच मुलखात येऊन बसते, त्याचाच दाणावैरण खाते, त्याचं त्या हंगामाचं उत्पन्न शून्य. आणि काम झालं म्हणून ती जात नाही. पट्टी स्वतःहून २ च्या खाली आली तरच जाते. सूड उगवायचा तर उगवा, पण घर आधी तुमचं जळेल.

निवांत_निजामशहा

मान्य. नाखुशीने.

फासेवाली

बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाचं काय करता? मी एकदा खानदेश घेऊन खेळले होते. फौज, खजिना, राजा, सगळं असीरवर चढवलं आणि खेळ संपेपर्यंत दार लावून बसले. कोणी काही करू शकलं नाही. जिंकले, पण मलाच कंटाळा आला.

तापीकाठ

ताई, यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलंय, जरा लांबतं.

असीर चढून घेता येत नाही, हे तसंच राहू द्यायचं. अकबराला तोफखान्यासकट ते जमलं नाही. १६०० च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो बुऱ्हाणपुरात आला, शहर सहज मिळालं, गड मिळेना. ऑगस्टमध्ये तिकडे अहमदनगर पडलं, चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारल्यावर. असीर तरीही उभा. पडला तो जानेवारी १६०१ मध्ये, तोही तटाला खिंडार पडून नाही.

गडावर धान्य, दारूगोळा, पाणी भरपूर होतं. पण माणसं आणि जनावरं वाट्टेल तेवढी कोंबलेली. रोगराई सुरू झाली, माणसं मरू लागली. म्हणून माझ्या नियमात असीरवर जितक्या सोंगट्या चढवाल तितका रोगाचा फासा जड. चार सोंगट्यांपर्यंत काही नाही. पुढे दर जादा सोंगटीला दर हंगामाला एक फासा, ५-६ ला सोंगटी बाद. तुम्ही सगळं वर चढवलं होतं ना? आता तसं करून बघा.

दुसरं, राजा आणि गडकरी वेगळे. डिसेंबर १६०० मध्ये बहादूर बोलणी करायला खाली आला आणि त्याला अडकवून ठेवलं. तरीही गड लगेच मिळाला नाही, वरच्या लोकांनी दारं उघडली नाहीत. शेवटी पैसा चारून काम झालं असं जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात आहे. म्हणून राजा पकडला की खानदेशचे गुण जातात, पण गड जात नाही. गडकऱ्याची चिठ्ठी वेगळी, आणि तिच्यावर मोगलांचा खजिना हल्ला करतो, तोफ नाही.

आणि तिसरं, ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप. अकबर असीरखाली बसलेला असताना सलीम अलाहाबादेत आपला वेगळा संसार थाटत होता. म्हणजे वेढ्यात दोन घड्याळं चालतात : वर गडावर रोग, खाली थैलीत 'सलीम'ची चिठ्ठी. पादशहा ६ वर असतानाच ती चिठ्ठी थैलीत टाकायची. ती आधी निघाली तर पट्टी धाडकन ३ वर, पादशहा आग्र्याला, वेढा शाहजाद्याच्या हाती आणि सरदारांची तीच जुनी धुसफूस. रोग आधी लागला तर गड गेला. खानदेशवाल्याला दर हंगामाला ठरवायचं असतं की आणखी एक हंगाम तग धरू, की आत्ताच बोलणी करू. कंटाळा यायचं नाव नाही, मागच्या वेळी त्याने भरीत-पुरी थंड होऊ दिली.

पंतोजी

हे छान जमलंय. पंचाची सूचना मागे घेतो. फक्त अट अशी की 'सलीम'ची चिठ्ठी थैलीत एकच हवी. दोन टाकल्या तर मोगल कधीच जिंकणार नाहीत.

तापीकाठ

एकच आहे, सर. आणि थैली भाच्याकडे.

माउसधारी

असीर पडल्यावर खेळ संपतो का?

तापीकाठ

खानदेशवाल्यापुरता संपतो. सुभा दानियालच्या हाती जातो, नकाशावर 'दानदेश' लिहिलेली पट्टी चिकटवतो आणि बहादूरची सोंगटी ग्वाल्हेरच्या कैदेत. बाकी तिघे अकराव्या फेरीपर्यंत खेळतात, खानदेशवाल्याला त्यांनी चहा करायला सांगू नये असा नियम गृहखात्याने केलाय.

सोनगीरना_बुरूज

आन अकबर परत गया, पट्टी ० वर उनी, ते बुऱ्हाणपूर वापस भेटस का?

तापीकाठ

नाही. जिथे ठाणं बसलं तिथे लक्ष ० असलं तरी ठाणं राहतं. लक्ष फक्त नवीन चालीसाठी. ठाणं उठवायचं तर लढून उठवायचं, आणि उठवलं की पट्टी दोन घरं वर.

इतिहासाचा_हमाल

नगर पडूनही निजामशाही संपली नाही हे लक्षात असू द्या. त्यानंतर मलिक अंबर पंचवीस वर्षं हेच करत राहिला, ठाणी उठवायची, लक्ष वर गेलं की मागे हटायचं, लक्ष खाली आलं की पुन्हा. १६०१ ते १६२६ चा दुसरा भाग काढलात तर तुमची पट्टी तशीच चालेल, फक्त लाहोरच्या जागी जहांगीरच्या काळातल्या चिठ्ठ्या.

सोनगीरना_बुरूज

मंग पुढला डाव मलिक अंबरना. मी अंबर!

निवांत_निजामशहा

रांगेत ये भो. नगर माझं आहे, अंबरही माझाच. तू बागलाण घे, जकात खा.

तापीकाठ

दोघांपैकी जो थैली आणि काळे मणी घेऊन येईल तो अंबर. मण्यांची माळ भाच्याने तोडलीय, अर्धे मणी सोफ्याखाली आहेत.